विश्लेषण : ६० वर्षांचे झाड तोडून ६० रोपे लावली, तर हिशेब फिटतो का?

रस्ता रुंदीकरण असो, मेट्रो असो वा खाण. झाडे तोडायची वेळ आली की भरपाईचा आकडा लगेच जाहीर होतो. एकाच्या बदल्यात दहा, शंभराच्या बदल्यात हजार. महाराष्ट्रातील शहरी भागाच्या कायद्याने तर हा आकडा थेट झाडाच्या वयाशी जोडला आहे. वयाची दखल घेतली गेली, हे चांगलेच झाले. पण वयाच्या बदल्यात संख्या देता येते का? झाडांची वाढ आणि त्यांच्याखालच्या मातीतले अन्न या दोन्ही गोष्टी जंगलाच्या वयाबरोबर बदलतात. त्या कशा बदलतात हे पाहिले, तर या हिशेबातली गडबड लक्षात येते.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला ‘प्राचीन वृक्ष’ म्हणजेच हेरिटेज ट्रीचा दर्जा मिळाला. झाड तोडावेच लागले तर त्याचे जितके वय, तितकी नवी झाडे लावायची, असे सूत्र आले. लावायची झाडे किमान ६ ते ८ फूट उंच असावीत, त्यांचे जिओ टॅगिंग व्हावे आणि सात वर्षे त्यांची देखभाल व्हावी, अशी अपेक्षा आहे.

वनजमिनीसाठी वेगळा कायदा आहे. १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची असेल, तर तितक्याच वनेतर जमिनीवर किंवा काही बाबतीत दुप्पट निकृष्ट वनजमिनीवर पर्यायी वनीकरण करावे लागते. त्याशिवाय जंगलाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावे लागते. हे मूल्य वनाचा प्रकार आणि छताची घनता पाहून ठरते. जंगल किती वर्षांचे आहे, हा रकाना त्यात नाही.

म्हणजे शहरात वय मोजले जाते, पण त्याचे रूपांतर रोपांच्या संख्येत होते. जंगलात ते मोजलेच जात नाही.

६० रोपांची बेरीज किती होते?

एक साधे गणित करून पाहता येईल. समजा, तोडलेल्या झाडाच्या बुंध्याचा व्यास ६० सेंटिमीटर आणि उंची १८ मीटर होती. बदल्यात लावलेल्या रोपाचा व्यास ३ सेंटिमीटर आणि उंची २.४ मीटर, म्हणजे साधारण आठ फूट आहे. व्यासात फरक २० पट. बुंध्याचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणून तिथे फरक ४०० पट. उंचीतला साडेसात पट फरक धरला, तर लाकडाचे आकारमान ढोबळमानाने ३,००० पट होते.

अशी ६० रोपे एकत्र केली तरी तोडलेल्या झाडाच्या आकारमानाचा सुमारे पन्नासावा भाग, म्हणजे दोन टक्के भरतो. तोही ६० पैकी ६० रोपे जगली असे धरून.

यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. रोपे आज लहान आहेत, उद्या मोठी होतील. शिवाय तरुण झाडे जलद वाढतात. मग काही वर्षांत भरपाई होणार नाही का? हा आक्षेप तपासायचा तर जंगल वयानुसार कसे वाढते ते पाहावे लागते.

जंगल वयानुसार कसे वाढते?

मोकळ्या जमिनीवर उगवणाऱ्या जंगलाची पहिली काही वर्षे मुळे आणि पाने जमवण्यात जातात. त्यानंतर झाडांचे शेंडे एकमेकांना भिडतात आणि वर हिरवे छत तयार होते. या सुमारास पानांचे एकूण क्षेत्रफळ सर्वाधिक असते आणि दर हेक्टरी वाढीचा वेगही शिखरावर असतो. निलगिरीसारख्या जलद वाढणाऱ्या रोपवनात हे शिखर काही वर्षांतच येते, तर सावकाश वाढणाऱ्या जंगलात त्याला काही दशके लागतात.

शिखरानंतर दर हेक्टरी वाढ हळूहळू उतरते. ‘जुनी झाडे वाढत नाहीत, मग ती तोडून नवी लावलेली काय वाईट’ हा युक्तिवाद इथूनच येतो. अर्धे सत्य घेऊन पूर्ण निष्कर्ष काढण्याचा हा प्रकार आहे. कारण हेक्टरची वाढ वेगळी आणि एकेका झाडाची वाढ वेगळी.

मोठे झाड वाढायचे थांबते का?

थांबत नाही. २०१४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात जगभरातील ४०३ जातींच्या झाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील बहुतेक जातींमध्ये झाड जितके मोठे, तितकी त्याची वर्षाची वस्तुमानातली भर अधिक, असे आढळले. एखादे अजस्र झाड एका वर्षात जितका कार्बन आपल्या शरीरात साठवते, तितका मध्यम आकाराच्या एका अख्ख्या झाडात मिळून असतो.

मग हेक्टरची वाढ का उतरते? कारण वय वाढेल तशी झाडांची संख्या घटते. प्रकाश आणि पाण्यासाठीच्या स्पर्धेत दुबळी झाडे मरतात, अधूनमधून एखादे मोठे झाडही कोसळते. उरलेली झाडे जोमात असली तरी एकूण बेरीज कमी होते. वर्गाची पटसंख्या घटली म्हणून उरलेले विद्यार्थी कच्चे ठरत नाहीत, तसेच हे.

वाढ मंदावण्याची आणखी कोणती कारणे आहेत?

जंगल म्हातारे झाले की ते श्वसनातच सगळी ऊर्जा खर्च करते, असे पूर्वी मानले जाई. अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञ युजीन ओडम यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या चित्रात परिपक्व जंगलाची कमाई आणि खर्च जवळपास सारखे होते. पुढच्या मोजमापांत हे स्पष्टीकरण अपुरे ठरले. २००८ मधील एका मोठ्या आढाव्यात समशीतोष्ण आणि उत्तरेकडील थंड प्रदेशांतली शेकडो वर्षे जुनी जंगलेही कार्बन शोषत असल्याचे दिसले. नेमका किती, यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद आहे.

दुसरे कारण पाण्याचे. झाड उंच झाले की मुळांपासून शेंड्यापर्यंत पाणी चढवणे अवघड होते. मग पाने आपली छिद्रे लवकर मिटतात आणि प्रकाशसंश्लेषण कमी होते. तिसरे कारण मातीचे. नत्र आणि इतर अन्नद्रव्ये लाकडात, पालापाचोळ्यात अडकून पडतात आणि मुळांना मिळणारा वाटा आटतो.

यातले कोणतेही एक कारण पुरे पडत नाही. हवाई बेटांवरील निलगिरीच्या प्रयोगात भरपूर खत घातलेल्या झाडांचीही वाढ वयाबरोबर मंदावली. म्हणजे ‘खत घाला, जंगल धावेल’ इतके हे सोपे नाही.

वयाबरोबर मातीत काय बदलते?

शेतकऱ्याला नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द नवे नाहीत. फरक इतकाच की शेतात ही अन्नद्रव्ये पोत्यातून येतात, जंगलात ती फिरत राहतात. पान गळते, बुरशी आणि जिवाणू ते कुजवतात, मुळे त्यातले अन्न पुन्हा उचलतात. पान गळण्याआधी झाड त्यातले बरेचसे नत्र आणि स्फुरद माघारी खेचून घेते. पिकले पान पिवळे दिसते, ते याच आवराआवरीमुळे.

कोवळ्या जंगलाकडे असा साठा नसतो. पाने, मुळे, खोड सारेच नव्याने उभारायचे असल्याने मातीवरची त्याची मागणी मोठी असते. छत मिटल्यानंतर जंगल गळलेल्या पानांवर आणि माघारी खेचलेल्या अन्नावर अधिकाधिक भागवू लागते. थोडक्यात, तरुण जंगल मातीकडून उसनवारी करते, तर प्रौढ जंगल बरेचसे आपल्याच पुंजीवर जगते. ही पुंजी जमायला वर्षे लागतात.

महाराष्ट्राच्या गावांना हे व्यवहारातून ठाऊक होते. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजताना झाडांचा टहाळ आणि पालापाचोळा वाफ्यावर पसरून जाळला जातो. म्हणजे जंगलातले अन्न शेतात आणले जाते. उलट, अनेक देवरायांत पडलेली काटकीही उचलायची नाही, असा दंडक होता. त्यामागची भावना श्रद्धेची होती. परिणाम मात्र असा झाला की तिथल्या मातीची पुंजी तिथेच राहिली. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांची नोंद केली, त्यानंतर या राखलेल्या तुकड्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले.

झाडे तोडल्यावर मातीतले अन्न कुठे जाते?

याचे गाजलेले उत्तर अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील हबर्ड ब्रूक या संशोधन क्षेत्रातून आले. तिथे १९६५-६६ च्या हिवाळ्यात एका छोट्या पाणलोटातील सर्व झाडे तोडून जागच्या जागी पाडून ठेवली गेली आणि तणनाशक फवारून नवी उगवण रोखली गेली. लाकूड बाहेर नेले नव्हते. तरीही पहिल्याच वर्षी त्या ओढ्यातल्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण शेजारच्या न तोडलेल्या जंगलातील ओढ्याच्या ४० पटींवर गेले. मुळे गेली, तसे नत्र धरून ठेवणारे कोणी उरले नाही. त्यासोबत कॅल्शियमसारखी द्रव्येही वाहून गेली.

नेहमीच्या तोडीपेक्षा हा प्रयोग कठोर होता, हे मान्य. पण मातीतले अन्न हे फक्त मातीचे नसते, ते झाड आणि माती यांच्यात मिळून असते, हे त्यातून दिसले.

याच परिसरातील १९७५ च्या एका अभ्यासाने दुसरी बाजूही दाखवली. वाढत्या वयाच्या जंगलातून येणारे ओढे नत्र कमी वाहून नेत होते, जुन्या जंगलातले ओढे त्याहून अधिक. तरुण जंगल भुकेले असते, ते मिळेल ते धरून ठेवते. म्हणजे तरुण जंगलाचेही काम आहेच. मुद्दा इतकाच की दोन्हींची कामे वेगळी आहेत आणि एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

मातीचे वय आणि जंगलाचे वय एकच का?

नाही, आणि इथेच कोकण-सह्याद्रीसाठी महत्त्वाचा धडा आहे. हवाई बेटे ज्वालामुखीतून एकामागून एक तयार झाली. त्यामुळे तिथे ३०० वर्षांपासून सुमारे ४१ लाख वर्षांपर्यंतच्या जमिनी सापडतात आणि त्यांवर ओहिया हेच झाड प्रामुख्याने दिसते. परिसंस्थाशास्त्रज्ञ पीटर विटूसेक आणि सहकाऱ्यांनी तिथे खते घालून पाहिली. सर्वांत तरुण जमिनीवर झाडे नत्र दिल्यावर वाढली, सर्वांत जुन्या जमिनीवर स्फुरद दिल्यावर.

याचे कारण सरळ आहे. नत्र हवेतून येते आणि काळाबरोबर मातीत साठत जाते. स्फुरद मुख्यतः खडकातून येते. लाखो वर्षांच्या पावसात ते झिजून जाते किंवा लोह आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांत असे अडकते की मुळांना मिळत नाही.

सह्याद्रीचा काळा खडकही ज्वालामुखीचाच, पण सुमारे साडेसहा कोटी वर्षे जुना. त्याच्या झिजेतून कोकणात आणि घाटमाथ्यावर जांभा तयार झाला. जांभ्याच्या लाल मातीत लोह भरपूर, पण झाडाला उचलता येईल असे स्फुरद कमी. अशा जागी जंगलाची बरीचशी पुंजी वरच्या थरातल्या पालापाचोळ्यात आणि खुद्द झाडांत असते. झाडे तोडून, वरचा थर खरवडून चार महिन्यांचा मुसळधार पाऊस त्यावर पडू दिला, तर ती पुंजी नदीवाटे समुद्रात जाते. खालचा जुना खडक ती लवकर भरून देत नाही.

बुंध्याच्या घेरावरून वय काढणेही इथे फसवे ठरते. महाबळेश्वरच्या माथ्यावरच्या अंजनी-जांभळाच्या जंगलातली झाडे बुटकी, बारीक दिसतात. पातळ माती, वारा आणि पाऊस यांत ती सावकाश वाढतात. घेर लहान म्हणून वय कमी धरले, तर जुन्या झाडाला तरुण ठरवण्याची चूक होते. सागाच्या लाकडात वार्षिक वलये स्पष्ट मोजता येतात, पण सदाहरित जंगलातल्या अनेक जातींमध्ये तशी सोय नसते.

जंगल परत यायला किती वर्षे लागतात?

२०२१ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील आणि पश्चिम आफ्रिकेतील ७७ ठिकाणच्या २,२७५ क्षेत्रांची पाहणी होती. शेती किंवा चराई सोडून दिल्यावर आपोआप उगवलेली ही जंगले होती. तिथे मातीची सुपीकता साधारण दहा वर्षांच्या आत सावरली. जंगलाची रचना, म्हणजे लहान-मोठ्या झाडांची उतरंड, सावरायला २५ ते ६० वर्षे लागली. लाकडाचा एकूण साठा आणि जातींची मूळ जुळणी परतायला १२० वर्षांहून अधिक काळ लागतो, असा त्यांचा अंदाज आहे.

ही बातमी आशादायक आहे. २० वर्षांत अशी जंगले अनेक बाबतींत जुन्या जंगलाच्या सरासरी ७८ टक्क्यांपर्यंत पोहोचली. पण अटी विसरून चालणार नाही. तिथली माती शाबूत होती, जवळ बियांचा पुरवठा करणारे जंगल होते आणि उगवण नैसर्गिक होती. खाणीच्या खरवडलेल्या जमिनीला किंवा खड्डे खणून लावलेल्या एका जातीच्या रोपांना हे आकडे लागू करता येत नाहीत.

या वेळापत्रकाशेजारी सात वर्षांची देखभाल ठेवून पाहावी. सात वर्षांत फार तर पहिला टप्पा गाठला जातो. महाराष्ट्रात २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट होते. त्यातली जी रोपे जगली, तीही या वेळापत्रकाच्या सुरुवातीच्याच पानांवर आहेत.

रोपवन म्हणजे जंगल का?

सुरुवात म्हणून रोपवन उपयोगी असते, विशेषतः हवेतले नत्र मातीत आणणारी झाडे त्यात असतील तर. पनामातील २०१३ च्या अभ्यासानुसार, नव्याने उगवणाऱ्या जंगलाला पहिल्या १२ वर्षांत लागलेल्या नत्रापैकी सुमारे निम्मे अशा झाडांनी पुरवले. आपल्याकडचे शिरीष, खैर, करंज याच कुळातले. म्हणून मिश्र लागवडीत त्यांना जागा हवी. सगळीकडे परदेशी गिरिपुष्प लावून हे काम आटोपण्याची सवय मात्र सोडायला हवी.

लाकडासाठीच्या रोपवनात तोडीचे वयही मातीवर परिणाम करते. पाने, साल आणि बारीक फांद्यांत अन्नद्रव्यांचे प्रमाण गाभ्याच्या लाकडापेक्षा जास्त असते. कोवळ्या झाडात या भागांचा वाटा मोठा. म्हणून लवकर लवकर तोड केली, तर दर टन लाकडामागे मातीतून अधिक अन्न बाहेर जाते. तोड उशिरा करणे आणि साल-पाला जागेवरच सोडणे, हे दोन उपाय खताच्या पोत्यापेक्षा स्वस्त आहेत.

मग काय करायला हवे?

पहिले, भरपाईचा आकडा हा तोडीचा परवाना ठरू नये. प्राचीन वृक्ष किंवा जुने जंगल वाटेत येत असेल, तर मार्ग बदलता येतो का, याचे लेखी उत्तर आधी द्यायला लावावे. रोपांचा विचार त्यानंतर.

दुसरे, वनजमिनीच्या मूल्यात वयाचा रकाना यावा. ४० वर्षे राखलेले जंगल आणि १० वर्षांचे रोपवन यांचे छत उपग्रहाच्या चित्रात सारखेच दाट दिसू शकते. मातीत आणि झाडांच्या आकारात मात्र ३० वर्षांचे अंतर असते.

तिसरे, भरपाईचा पैसा दर वेळी नवे खड्डे खणण्यावर घालवण्याऐवजी आधीच सावरत असलेले जंगल राखण्यावर वापरावा. वणवा आणि अतिचराई रोखली, तर वीस वर्षांचे जंगल चाळीशीचे होते. या वाढीसाठी लागतात फक्त वर्षे, आणि तीच तर विकत मिळत नाहीत. वणव्यात पालापाचोळ्यातले नत्र धूर होऊन उडते आणि उरलेली राख पहिल्या सरीत वाहून जाते. तेवढे टळले तरी मोठे काम होते.

चौथे, शहरात उभी असलेली जुनी झाडे उपाशी ठेवू नयेत. बुंध्याभोवती काँक्रीट ओतायचे, गळलेली पाने झाडून कचरागाडीत टाकायची किंवा कोपऱ्यात जाळायची आणि मग झाड वाळले म्हणून ते तोडायला अर्ज करायचा, हे चक्र अनेक सोसायट्यांत दिसते. बुंध्याभोवती मोकळी माती आणि त्यावर त्याचाच पाला, इतके केले तरी त्याचे अन्न त्याला परत मिळते.

रोपे लावायलाच हवीत, त्यावर वाद नाही. पण ६० रोपांचे एकूण वय ६० वर्षे होत नाही. त्यातले प्रत्येक रोप तेवढ्याच कोवळ्या वयाचे असते. ती सगळी जगली, तरी त्यांना पहिल्या झाडाच्या वयाचे व्हायला साठ पावसाळे लागतील. तोडीच्या परवानगीवर सही करणाऱ्याने आणि त्यावर हरकत नोंदवणाऱ्या नागरिकाने हा हिशेब आधी मांडायला हवा.